पेटी, पेटीवाले आणि अप्पा जळगावकर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून थोरामोठ्यांची चरित्रे सांगण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते गृहस्थ जन्मभर दुसऱ्याच्या मैफलीत बसले. जाहिरातीत गवयाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि यांचे तळाशी बारीक टाइपात. मैफल रंगली म्हणजे श्रेय गवयाचे, बिघडली म्हणजे 'पेटीने घोटाळा केला' असे म्हणायला श्रोते मोकळे. अशा माणसाला इतिहास असतो काय, आणि असला तर तो आपण तासभर बसून का ऐकावा, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती गैर नाही. तिचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ आपल्या गावातूनच करू. आमच्या लहानपणी मुदखेडच्या एका देवळात एकादशीच्या भजनाला एक वृद्ध गृहस्थ पेटी वाजवीत. त्यांची बोटे वाताने आखडली होती. दोन बोटे तर पुरती वाकतच नसत. पुढे एक तरुण पेटीवाला आला. त्याचे बोट पाण्यासारखे चाले, एक सूर म्हणून तो सोडीत नसे. आम्हां पोरांना तोच आवडे. पण एकदा वीणेकरीबुवा म्हणाले, "तात्यांची पेटी आपल्याला गाऊ देती." त्या वयात हे वाक्य आम्हांला मुळीच उमगले नाही. भजनात गाणे आपणच म्हणायचे, मग पेटीने 'गाऊ देणे' म्हणजे काय? पुढे पुष्कळ वर्षांनी अप्पा जळगावकरांची पेटी ऐकताना त्या वाक्याचा अर्थ कळला. आजचे व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार आहे असे समजावे.

अप्पा जळगावकर हे नाव ऐकले की लोक खानदेशातल्या जळगावाकडे पाहतात. पण हे जळगाव जालन्याजवळचे एक लहानसे खेडे आहे. तेथे १९२२ साली सखाराम प्रभाकर जळगावकर यांचा जन्म झाला. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा जो लोहमार्ग १९०० सालच्या सुमारास निजामाच्या मुलखातून सुरू झाला, त्याच रुळावर जालना आहे आणि त्याच रुळावर आपले मुदखेड जंक्शन आहे. तेव्हा हा माणूस आपल्याच वाटेवरचा. शास्त्रीय संगीत म्हटले की आपले डोळे पुण्याकडे, मिरजेकडे, कोल्हापूरकडे, नाहीतर गोव्याकडे वळतात. मराठवाड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. म्हणून हे आधीच सांगून ठेवले.

आता थोडे पेटीच्या कुळाविषयी. १७०० सालच्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स शहरी क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने एक नवे वाद्य सिद्ध केले. पट्टी दाबली की आत एक हातोडी तारेवर आपटे. बोट हलके टेकले तर नाद हळू, जोराने टेकले तर मोठा. हळू आणि मोठा या अर्थाचे दोन इटालियन शब्द जोडूनच 'पियानो-फोर्ते' हे नाव झाले आणि पुढे त्याचा नुसता 'पियानो' उरला. बोटाचा भाव सुरात उतरणे हाच त्या वाद्याचा जन्मसिद्ध गुण. मात्र त्यात एक उणीव होती. तारेवर आघात झाला की नाद विरत जातो. तो धरून ठेवता येत नाही, वाढवता तर मुळीच येत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. १८१० सालच्या सुमारास ग्रेनिए नावाच्या गृहस्थाने पितळी जिभांवरून वारा सोडून वाजणारे एक वाद्य केले. त्याला त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ 'भाव व्यक्त करणारा ऑर्गन' असा होतो. पायाने भाता कमीअधिक दाबला की सूर फुले आणि मावळे, म्हणून हे नाव. त्याच घराण्यात पुढे १८४०-४२ च्या सुमारास पॅरिसच्या दबँ याने 'हार्मोनिअम' या नावाचे एकस्व मिळवले. त्या वाद्यात एक खास खुंटी असे. ती ओढली म्हणजे हवेचा साठा करणारी पेटी बाजूला पडे आणि पायाचा दाब थेट सुरापर्यंत पोहोचे. ज्या वाद्याच्या मूळपुरुषाचे नावच 'भाव व्यक्त करणारा' असे होते, त्याच्यावर शंभर वर्षांनी हिंदुस्थानात भावशून्यतेचा आरोप व्हावा, हा इतिहासातला एक चमत्कारिक विनोद होय.

हिंदुस्थानात आलेल्या वाद्याला टेबल-खुर्चीची सवय होती. आमचे गवई बैठकीवर बसणारे. कलकत्त्यात १८७५ साली द्वारकानाथ घोष यांनी 'द्वारकिन' ही पेढी काढली. एका हाताने भाता मारावा आणि दुसऱ्याने वाजवावे अशी बैठी पेटी पुढे लोकप्रिय झाली, त्यात या पेढीचा मोठा वाटा आहे. एक हात भात्यात गुंतल्यामुळे सूर वाजवायला एकच हात उरला. पाश्चात्त्य संगीताला हे पंगुत्व वाटले असते, कारण तेथे अनेक सूर एकदम वाजवावे लागतात. आमच्या एकसुरी गाण्याला एक हात पुरेसा होता. मात्र या स्थलांतरात ती भावाची खुंटी मागे राहिली. आतल्या भात्यात हवा साठू लागली आणि बाहेरच्या हाताची हालचाल सुरापर्यंत पोहोचेनाशी झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

महाराष्ट्रात पेटीला प्रतिष्ठा दिली ती रंगभूमीने. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' झाले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. नटाला पहिला सूर द्यायचा, पद संपले की वाक्याला जागा करून द्यायची, टाळ्या पडल्या की पुन्हा पद उचलायचे, ही कामे पायपेटीने आणि पुढे ऑर्गनने केली. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्या वैभवाच्या काळात हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँखाँसाहेबांचा तबला अशी साथ बालगंधर्वांना लाभली.

याच रंगभूमीवर गोविंदराव टेंबे उदयास आले. १८८१ साली जन्मलेल्या या कलावंताने १९११ च्या 'मानापमाना'ला चाली दिल्या, भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयांची साथ केली, आणि नुसत्या पेटीवर स्वतंत्र मैफल उभी करता येते हे लोकांना पटवून दिले. त्यांच्यानंतर गोव्याकडचे मधुकर पेडणेकर, म्हणजे पी. मधुकर, यांनी ध्वनिमुद्रिकांतून पेटीला घराघरांत नेले. बेळगावी रामभाऊ विजापुरे होते. १९१७ ते २०१० असे त्र्याण्णव वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले आणि त्यांनी कितीतरी शिष्य घडवले. पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांना २०१६ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, पद्मश्री मिळाली. अशी ही सलग परंपरा आहे आणि तिच्यात मराठी नावेच अधिक आहेत.

असे असता १ मार्च १९४० रोजी आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली.

या बंदीविषयी आपल्याकडे रागाने बोलले जाते. पण इतिहास सांगणाऱ्याने आरोपीची बाजू मांडण्यापूर्वी फिर्यादीचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे. फिर्यादी कोणी सामान्य नव्हते. आकाशवाणीचे प्रमुख लायोनेल फील्डन आणि दिल्ली केंद्रावरील इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स हे पेटीच्या विरुद्ध होतेच. पण रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नकोशी होती. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर तर मराठीच. त्यांनीही बंदी उठवली नाही.

त्यांचे मुख्य आरोप दोन. पहिला असा की पेटीत मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे हा आमच्या गाण्याचा आत्मा, आणि पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये भिंत आहे. दुसरा आरोप असा की तिचे सूरच खोटे आहेत. पाश्चात्त्य पद्धतीने सप्तकाचे बारा सारखे भाग पाडल्यामुळे पेटीचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा किंचित चढा वाजतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग कल्पिले तर त्यातले सुमारे चौदा भाग चढा. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार एक आणि पेटीचा दुसरा, अशी ही कानाला खुपणारी विसंगती. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने यावर तोड म्हणून श्रुतींची पेटी करवून घेतली होती आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिची चर्चाही झाली. पण गवयांनी ती स्वीकारली नाही.

हे दोन्ही आरोप खरे आहेत. पेटीच्या अभिमान्यांनी ते नाकारू नयेत. पण या बंदीची किंमत कोणी मोजली तेही पाहावे. बंदी आली तेव्हा अप्पा जळगावकर अठरा वर्षांचे होते. १९७१ साली ती साथीपुरती उठली तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे झाले होते. स्वतंत्र वादनाची वाट त्यानंतरही पुष्कळ वर्षे बंदच राहिली. रामभाऊ विजापुरे तेवीस वर्षांचे होते, ते चोपन्नाचे झाले. टेंबे १९५५ साली आणि पी. मधुकर १९६७ साली निवर्तले. बंदी उठलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ज्या तीन दशकांत नभोवाणीने गवयांना घरोघरी पोहोचवले, त्याच तीन दशकांत पेटीवाला त्या दाराबाहेर उभा होता. माणसाच्या उमेदीची सारी वर्षे त्यात जातात.

आणि तरीही मैफलीतून पेटी गेली नाही. सारंगी मींडेत पेटीपेक्षा शतपटीने श्रेष्ठ, सूरही खरे; तरी गवई पेटीवाल्यालाच बोलावीत राहिले. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरी आमोणकर अशा भिन्न प्रकृतीच्या कलावंतांनी अप्पांना साथीला घेतले. यांतल्या एकाचे गाणे ओघवते, दुसऱ्याचे धक्के देणारे, तिसरीचे अंतर्मुख. तीन दिशांना जाणाऱ्या या तिघांना एकाच माणसाची पेटी चालली, याचे कारण शोधले पाहिजे.

आम्ही अप्पांच्या साथीची ध्वनिमुद्रणे पुष्कळ वेळा ऐकली आहेत. पहिल्यांदा ऐकताना लक्ष गवयाकडेच जाते. दुसऱ्यांदा मुद्दाम पेटीकडे लक्ष द्यावे, म्हणजे हळूहळू एकेक गोष्ट दिसू लागते.

पहिली गोष्ट भात्याची. आतला भाता हवेने गच्च भरलेला असला की सूर एकाच उंचीवर भिंतीसारखा उभा राहतो. जाणता वादक तो गच्च भरूच देत नाही. हवा बेताचीच ठेवली म्हणजे बाहेरच्या हाताचा दाब सुराला जाणवतो. सूर श्वासासारखा भरतो आणि ओसरतो. फ्रान्सहून येताना वाटेत हरवलेली ती भावाची खुंटी अशा वादकांनी आपल्या डाव्या हाताच्या मनगटात पुन्हा बसवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी गोष्ट बोटांची. मींड निघत नाही हे खरे. पण पहिली पट्टी सोडण्याआधी दुसरी हळूच टेकवली आणि त्याच क्षणी भाता किंचित सैल केला, तर कानाला एक घसरण भासते. ती खरी घसरण नव्हे, तिचा आभास आहे. चित्रकार सपाट कागदावर दोन रेषांनी खोली दाखवतो, त्या जातीची ही करामत. कागदाला खोली नाही म्हणून आपण चित्रकाराला खोटा ठरवत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती न वाजवण्याची आहे. दरबारी कानड्याचा कोमल गांधार घ्या. तो स्थिर नसतो, संथपणे डोलत असतो. पेटीची पट्टी डोलू शकत नाही. कच्चा वादक तेथे गांधार दाबून बसतो आणि गवयाच्या डोलणाऱ्या सुरात खिळा ठोकल्यासारखे होते. अप्पांसारखा वादक तेथे बोट उचलतो. षड्ज नाहीतर पंचम मंद ठेवतो आणि गांधार गवयाच्या स्वाधीन करतो. गवयाने श्वास घेतला की त्याच्या शेवटच्या तुकड्याची सावली पेटीतून उमटते, पुढचा सूर लागण्याआधी ती विरूनही जाते. गवयाला मागे कोणीतरी आहे हा धीर मिळतो, समोर कोणी आले ही अडचण होत नाही. वीणेकरीबुवांचे 'गाऊ देती' ते हेच.

चौथी गोष्ट लेहऱ्याची. तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटीला एकच ओळ पुन्हापुन्हा वाजवावी लागते. थिरकवाँखाँसाहेबांपासून झाकीर हुसेनांपर्यंत पिढ्यापिढ्यांच्या तबलजींना अप्पांनी लेहरा धरला. त्रितालाच्या सोळा मात्रांचे एक आवर्तन आठ सेकंदांचे धरले तर तासाभरात तीच ओळ साडेचारशे वेळा वाजते. तबलजी लयीशी वाटेल तसा खेळतो, श्रोत्यांची दिशाभूल करतो. पेटीवाल्याने तिळमात्र हलता कामा नये, आणि तरीही ती ओळ यंत्रासारखी वाजता कामा नये. साडेचारशेव्या वेळीही ती पहिल्याइतकी ताजी लागली पाहिजे. आमच्या मते कलावंताच्या चारित्र्याची याहून कडक परीक्षा नाही.

येथे वार्धक्याचा विचार करू. गवयाचा आवाज वयोमानाने उतरतो, पेटीवाल्याची बोटे जड होतात. तेव्हा वृद्ध वादकाचे कौतुक करताना आपण बहुधा 'या वयातसुद्धा!' असे म्हणतो. हे कौतुक वयाचे असते, कलेचे नसते. खरे पाहता काही गोष्टी वयामुळेच साधतात. १९८६ सालच्या एप्रिलमध्ये व्लादिमिर होरोविट्झ हा पियानोवादक मॉस्कोत आला. १९२५ साली त्याने रशिया सोडला होता. एकसष्ट वर्षांनी तो मायदेशी वाजवीत होता आणि वय होते ब्याऐंशी. तारुण्यात त्याच्या बोटांच्या वेगाने जग दिपून गेले होते. त्या दिवशी मुख्य कार्यक्रम संपल्यावर त्याने शूमानची १८३८ सालची एक छोटी, संथ रचना वाजवली. बालपणीच्या आठवणींवरील तुकड्यांतली ती आहे, आणि विद्यार्थीसुद्धा ती वाजवतात. सभागृहात माणसे डोळे पुसत होती, ते चित्रपटात टिपले गेले आहे. सूर तेच होते, विद्यार्थ्याला लागतात तेवढेच. पण प्रत्येक दोन सुरांमधल्या जागेत एकसष्ट वर्षे बसली होती.

पियानोच्या बाबतीत जे या एका प्रसंगात दिसले ते आमच्या पेटीवाल्यांच्या बाबतीत रोजचेच आहे. तरुण वादक आपल्याला काय येते ते सांगतो. मुरलेला वादक समोरच्याला काय हवे ते ऐकतो. बोटे कमी चालू लागली की कान अधिक चालू लागतात, निदान ज्याने जन्मभर कान शाबूत ठेवला त्याचे तरी. म्हणून या वाद्याला 'संवादिनी' हे जे नाव मराठीत रूढ झाले, ते आम्हांला फार समर्पक वाटते. संवादात बोलण्याइतकेच ऐकणे असते.

अप्पांना २००० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. १६ सप्टेंबर २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मराठवाड्यात मुक्तिदिनाची झेंडावंदने झाली. त्या गर्दीत आपल्या मुलखातला एक मोठा कलावंत काल गेला, ही जाणीव कितीजणांना असेल? हा प्रश्न आम्ही दुसऱ्या कोणाला विचारीत नाही. आम्ही स्वतः त्या दिवशी झेंडावंदनाला उभे होतो आणि आम्हांलाही ती नव्हती.

समारोप करतो. आपल्या गावच्या देवळांत पेटी अजून आहे. काही ठिकाणी तिच्या जागी विजेवर चालणारे वाद्य आले आहे. त्यात भाता नाही, सूर कधी उतरत नाही, बटण दाबले की ठेकाही तयार मिळतो. त्याला आमचा विरोध नाही. शंभर वर्षांपूर्वी पेटीला झालेला विरोध आपण आताच पाहिला. ज्या कोणाच्या बोटांत आणि कानांत जीव असेल तो त्या वाद्यातही प्राण ओतील. मागणे एवढेच आहे की येत्या एकादशीला भजनाला गेलात तर घटकाभर गाणाऱ्याकडचे लक्ष काढून पेटीवाल्याच्या हाताकडे द्यावे. तो कोठे वाजवतो ते पाहावे, आणि कोठे बोट उचलतो तेही पाहावे. भजन संपल्यावर बुक्का लावताना त्याला एक शब्द बोलावा. आमच्या तात्यांना तो शब्द आम्ही कधी बोललो नाही.